ठशाचा मधला भाग पुसट उमटतो

प्रश्न: सागवानी ठसा स्वतः कोरून सुती कुर्त्यावर पिगमेंट रंगाने छापला असता कडा ठळक येतात, पण मधला भरीव भाग ठिपकेदार राहतो. यावर उपाय काय?

उत्तर: कापडाची खळ आधी धुऊन काढावी. छपाईच्या टेबलावर कांबळ्याचे थर अंथरावेत, कारण कठीण फळीवर ठसा सर्वत्र सारखा टेकत नाही.

उत्तर: सहमत. शिवाय राजस्थानातील सांगानेर-बगरूचे छिपे (ठसेछपाई करणारे कारागीर) ठशाच्या पाठीवर मुठीने ठोका देतात, नुसता दाब पुरत नाही. भरीव भाग फार मोठा असल्यास तो खोलगट कोरून त्यात नमदा (दाबून केलेले जाड लोकरी कापड) बसवावा. तो रंग धरून ठेवतो.

उत्तर: शिवणीवर ठसा नीट बसतच नाही, म्हणून माझ्या मते शिवण्याआधीच छापावे. वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे बाइंडर (रंग कापडाला चिकटवणारा घटक) पक्का होतो.