भिशीत 'वासूनाका' निघालंय, घ्यायचं का? तुमचे अनुभव सांगा

राजारामपुरीची भिशी

आमची पुस्तकांची भिशी आहे. अकरा बायका, महिन्याला दोनशे रुपये. जिचा नंबर लागेल तिनं पुस्तक निवडायचं, सगळ्यांसाठी प्रती आणायच्या आणि महिनाअखेरीला एकीच्या घरी चहा-भडंगावर बसून बोलायचं. चार वर्षं बिनभांडणाचं चाललंय. चरित्रं झाली, प्रवासवर्णनं झाली, खांडेकर तर झालेच, कोल्हापुरात राहून ते चुकत नाहीत.

या महिन्यात नंबर लागला आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेचा, आणि तिनं नाव घेतलं भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'चं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हणाली, "तेच का ते?" हो, तेच. १९६५ साली आलं तेव्हा अश्लील म्हणून गदारोळ झाला, आचार्य अत्रे तुटून पडले, तेच. मुंबईच्या चाळीतली रिकामटेकडी पोरं नाक्यावर उभी, आणि त्यांच्यातलाच पोक्या त्यांच्याच भाषेत सगळं सांगतोय. मी एका मैत्रिणीची जुनी प्रत आणून वीस पानं चाळली. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न साहित्याचा नव्हताच. आमच्या सासूबाई चष्मा लावून घरातलं कुठलंही पुस्तक मधूनच उघडतात, हा होता.

बुधवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. म्हणून विचारते. हेच पुस्तक पाहिजे असं नाही. असलं कुठलंही खरखरीत, अंगावर येणारं, सरळ गोष्ट न सांगणारं चालेल. कथानक नको, परीक्षणं पुष्कळ वाचली. हातात कसं आलं, कुठं अडलात, आज कुणाला द्याल आणि कुणाला नाही, तेवढं लिहा. अर्ध्यात ठेवलं असेल तर तेही लिहा.

लेथवाला, उद्यमनगर

ताई, शिव्यांचं डोक्यातनं काढाच. आमच्या कारखान्यात पहिल्या चहाच्या आत त्याहून जास्त होत्यात, आणि त्यातल्या निम्म्या मशिनला.

आयटीआयला असताना रूमवरच्या एका पोरानं हे आणलंतं. वरची पानं गेलेली, त्यामुळं नाव काय, लिवलंय कुणी, काय पत्ता न्हाई. नाव मला लई वर्षांनी कळलं. कामाला लागल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचायचो, बाकीचे डबा खात ऐकायचे. पहिले चार दिवस नुस्ता दंगा. बोली मुंबईची, पण चाल आमचीच. आम्ही तालमीच्या कट्ट्यावर हेच बोलायचो, फक्त 'साला'च्या जागी 'भावा'.

पाचव्या दिवशी हसायचं कमी झालं. का, ते कुणी बोललं न्हाई. पोरींविषयी ती पोरं जे बोलत्यात ते आपणच कधीतरी बोललेलं कुणीतरी मागं बसून लिहून घेतलंय, असं वाटाय लागलं. एकजण डबा बंद करत म्हणाला, "बास कर, उद्या दुसरं काय तर वाच." राहिलेलं मी एकट्यानं पुरं केलं.

आता माझी पोरगी अकरावीला हाय. क्लासला आमच्याच तालमीवरनं जाती. कट्ट्यावर आता दुसरी पोरं बसत्यात. मी तिथं गाडी हळू करतो, ती 'काका' म्हणून हात करत्यात, आणि मला काय बोलावं सुचत न्हाई. पोरीला पुस्तक दीन, पण दोन वर्षांनी. कट्ट्यावरच्या पोरांना आजच दीन. वाचणार न्हाईत, तो भाग वेगळा.

निवृत्त बाई

मी अर्ध्यात सोडलं. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळं सोडल्याची लाज वाटायला हवी होती. सुरुवातीला वाटलीही.

शिव्यांमुळं नाही सोडलं. पोक्या सांगतो फार छान, त्याच्या बोलण्याला ठेका आहे, आणि माझी अडचण तीच झाली. मी त्याच्याबरोबर हसत होते. एका ठिकाणी हसता हसता मनात आलं, ज्या मुलीवर हे सगळं चाललंय ती काय म्हणत असेल? तिला बोलायला जागाच नाही. सांगणारा पोक्या आहे, त्याला दिसेल तेवढंच आपल्याला दिसणार, लेखकाची ती योजनाच आहे, हे मला कळतं. परीक्षेत मीच हा प्रश्न काढला असता आणि पाच गुण ठेवले असते. पण दिवसभर बावन्न मुलांचा वर्ग सांभाळून रात्री दहाला बसल्यावर मला ते ऐकायचं नव्हतं. खरं असेल ते. पण खरं आहे म्हणून मी ऐकत बसलंच पाहिजे, असं कुठं आहे?

भिशीत जरूर घ्या. मात्र जी मध्येच ठेवून येईल तिलाही चहा तेवढाच द्या.

एम.ए. भाग दोन

बाई, तुमचा तो पाच गुणांचा प्रश्न आम्हाला आला होता. मी नोट्स वाचून उत्तर लिहिलं, 'महानगरीय जाणिवेचे विघटित वास्तव' वगैरे. गुण चांगले पडले. पुस्तक हातात आलं ते परीक्षेनंतर. नोट्समुळं मला वाटत होतं की ही पोरं सतत विघटित होत बसलेली असणार. प्रत्यक्षात ती टाइमपास करत होती.

शाहूपुरी

आमच्याकडचं 'वासूनाका' पुरातनं वाचलेलं आहे, म्हणून लिहितो.

वडिलांची दोन मोठी कपाटं होती. खालच्या फळ्यांवर हाताशी लागतील अशी थोरामोठ्यांची पुस्तकं, 'ययाति', 'मृत्युंजय', गाथा, ज्ञानेश्वरी. आम्ही भावंडं शाळेत असताना वडिलांनी पाच-सहा पुस्तकं जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. आम्हाला सांगितलं होतं, हिशेबाच्या वह्या आहेत. वह्यांना कोण हात लावतंय?

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं आणि आम्ही घर सोडून सहा दिवस नातेवाइकांकडं होतो. परत आलो तेव्हा कपाटाच्या खालच्या चार फळ्यांचा एकच लगदा झालेला. 'मृत्युंजय' फुगून एवढं जाड झालेलं की फळीतनं निघेना, शेवटी फळीच फोडली. वडील खुर्चीवर बसून नुसते बघत होते. मी माळ्यावर चढलो, हिशेबाच्या वह्या तरी वाचल्या का बघायला. कागद सोडला तर आत 'वासूनाका', दळवींचं 'चक्र', बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', आणि एक-दोन पुस्तकं मी इथं सांगत नाही.

वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "लपवलेलं तेवढं राहिलं बघ." वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, चिखलाचा वास येणाऱ्या घरात, लाईट नव्हती म्हणून गॅलरीत बसून मी ते वाचलं. आवडलं का? अर्धं आवडलं. काही ठिकाणी ते फार साठच्या दशकातलं वाटतं, त्या वेळचा धक्का आता तेवढा बसत नाही. पण वडिलांनी हे वाचताना कुठं पेन्सिलीनं रेघ मारलीय ते बघत गेलो. त्यांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. एका पानावर समासात त्यांच्या अक्षरात 'हाहा' लिहिलेलं होतं.

तिसऱ्यांदा कोसला

'कोसला' घ्या की त्यापेक्षा. दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा…

राजारामपुरीची भिशी

दादा, 'कोसला'चं वेगळं कधीतरी काढू. ते सुरू झालं की आमचा बुधवार पुढच्या वर्षी उजाडेल.

माहेर कागल

आमच्याकडं बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा शेजारणीनं हसून हसून मला 'आले, जेवले' करायला लावलं. वर्षभर मी बोलायच्या आधी वाक्य मनात धुऊन घ्यायची.

त्या दिवसांत आनंद यादवांचा 'गोतावळा' हातात पडला. तेही कागलचेच. १९७१ ची ही कादंबरी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत शेतावरच्या गड्याच्या, नारबाच्या बोलीत आहे. संवाद तेवढे गावचे आणि मधलं लेखकाचं शुद्ध, असं नाही; सगळंच त्याचं. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि ज्यांना तो आपला गोतावळा मानतो ती जनावरं एकेक करून जातात. त्यात जनावराच्या अंगाचं, माणसाच्या अंगाचं जे येतं ते कुठंही झाकून नाही.

मला ते वाचता येईना. भाषा कळत नव्हती म्हणून नाही, ती तर माझीच. पण जी बोली मी वर्षभर लपवत होते ती छापून आलेली बघून मला स्वतःचीच चोरी पकडल्यासारखं झालं. पंधरा पानांनंतर दार लावून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. तेव्हा कुठं ते चाललं, कारण आवाज माझा नव्हता, आईचा होता.

म्हणून भिशीवाल्या ताई, असली पुस्तकं डोळ्यांनी वाचू नका. पहिली दहा पानं तोंडानं वाचा. 'वासूनाका' तर मुंबईचं आहे. तिथल्या एखादीला वाचायला बसवा, आपल्या हेलात ते बसणार नाही.

गडहिंग्लज

वर लपवायचं निघालंय म्हणून थोडं वेगळं लिहितो.

आमच्या दारात मंगळवारी-शुक्रवारी जोगतीण यायची. डोक्यावर जग म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, कपाळभर भंडारा, हातात चौंडकं हे वाद्य. आजी जोगवा घालायची आणि वाकून पाया पडायची. पाया पडतात म्हणजे त्या बाईचं बरं चाललं असणार, असं मी धरून चाललो होतो. राजन गवसांची 'चौंडकं' १९८५ ची, माझ्या हातात आली कॉलेजात. अशाच देवाला सोडलेल्या मुलीची गोष्ट आहे. जाड नाही, तरी मला तीन महिने लागले. दहा पानं वाचायचो आणि आठवडाभर ठेवून द्यायचो. शाहू महाराजांनी १९२० साली याविरुद्ध संस्थानात कायदा केला, हे आम्हाला शाळेत पाठ होतं. पासष्ट वर्षांनी कादंबरी, त्यानंतरही ती बाई आमच्या दारात, आणि राज्याचा देवदासी निर्मूलनाचा कायदा २००५ चा.

या पुस्तकात शिवी आली तर ती माझ्या गावची आहे, माझ्या चुलत्याच्या तोंडची आहे. मुंबईचा नाका लांबचा असतो, तिथं नाकाला रुमाल लावून तरी उभं राहता येतं. इथं तशी सोय नव्हती.

एका सुट्टीत मी आईला त्यातली काही पानं वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "माहीत होतं की." आणि तवा उलटा केला. पुढं काय विचारायचं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही. घरात कुणाला हे पुस्तक देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण देताना समोर बसून राहू नका.

पन्हाळा रोड

कृष्णात खोतांचं 'रिंगाण' मी पुरस्कार मिळाला म्हणून घेतलं, २०२३ चा साहित्य अकादमी. धरणानं उठलेली माणसं आणि मागं राहिलेली म्हैस. निम्मे शब्द आजोबांना विचारावे लागले. आजोबांनाच पुस्तक आवडलं, आता ते देत नाहीत.

राजारामपुरीची भिशी

बुधवार झाला. कागलच्या ताईंचं ऐकलं. पुस्तक ठरवायच्या आधी जुन्या प्रतीतली तीन पानं मोठ्यानं वाचायची असं काढलं, आणि विचारलं मुंबईचं कोण आहे. धाकटी सून हसायला लागली. तिचं माहेर लालबाग. चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि तीही आमच्यात बसून 'होय की, होय की' करत होती. तिनं वाचायला घेतलं आणि आवाजच बदलला, बसणंसुद्धा बदललं. तीन पानांची नऊ झाली. मध्ये एकदा एकीनं खिडकी लावून घेतली. वाचून झाल्यावर धाकटी म्हणाली, "आमचे पप्पा असेच उभे असायचे. आई त्या नाक्यावरून जायची नाही, लांबून वळसा घालायची." लग्न त्यांचं त्याच नाक्यावर ठरलं, असंही म्हणाली, पण ते चांगलं झालं की वाईट, हे सांगितलं नाही.

आठजणी हो म्हणाल्या. दोघी 'चौंडकं' आणून वाचणार आहेत, एकीला काहीच नको. निवृत्त बाई, तिचा चहा पक्का.

प्रती आल्या. माझी मी फ्रिजवर ठेवली होती, सासूबाईंचा हात तिथं पोचत नाही. मी अजून चाळिसाव्या पानावर आहे. आज उघडलं तर एकोणसाठाव्या पानात मंडईतल्या हिशेबाची चिठ्ठी सापडली, मेथी दोन जुड्या, आलं, लिंबू. अक्षर माझं नाही. विचारलं नाही मी.