मदत हवी आहे: चालू व्हीएम नव्या प्रोसेसमध्ये हलवताना मेमरी अ‍ॅड्रेस बिघडतात

कोथरूडकर:
भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचा छोटा व्हीएमएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) चालतो. सी मध्ये लिहिलेला, केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हीएमची सोय), लिनक्स ६.१, गेस्टला (व्हीएममध्ये चालणाऱ्या सिस्टिमला) ८ जीबी रॅम. गेस्ट बंद करायची मुभा फक्त गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला मिळते, म्हणून व्हीएमएमची बायनरी बदलताना गेस्ट चालूच ठेवायचा आहे. एकाच मशीनवर जुनी प्रोसेस नव्या प्रोसेसच्या हाती सगळं सोपवून बाजूला होते.

गेस्टची रॅम मेमएफडीवर (मेमरीतच राहणारी निनावी फाइल), मॅप-शेअर्ड (दोन्ही प्रोसेसना तीच मेमरी दिसते). फाइल डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून एससीएम-राइट्सने (उघडलेली फाइल दुसऱ्या प्रोसेसला देण्याची सोय) जातात. डिव्हाइसची स्ट्रक्चर्स जशीच्या तशी पाठवतो. त्यांत पॉइंटर आहेत, म्हणून नव्या प्रोसेसमध्ये रॅम मॅप-फिक्स्डने (सांगितलेल्या जागीच मॅप करणारा फ्लॅग) जुन्याच अ‍ॅड्रेसवर बसवतो.

अडचणी अशा: पाठवलेल्या व्हीएम डिस्क्रिप्टरवर कुठलाही आयओक्टल (डिव्हाइसला आज्ञा देणारा सिस्टिम कॉल) ईआयओ ही त्रुटी देतो, म्हणून सध्या व्हीएम नव्याने बनवतो. त्यानंतरही नवी प्रोसेस कधी कधी सेगफॉल्ट होते (चुकीच्या मेमरीला हात लावून कोसळते), पण जीडीबी या डीबगरमध्ये चालवली तर एकदाही नाही. आणि जेव्हा चालते तेव्हा गेस्टचं नेटवर्क मुकं असतं. व्हीहोस्ट-नेटच्या (गेस्टची पॅकेट कर्नलमध्येच हाताळणारा भाग) पाठवलेल्या डिस्क्रिप्टरवर सेट-ओनर (मालक प्रोसेस ठरवण्याची आज्ञा) केलं की ईबीझी, म्हणजे «आधीच वापरात», येतो.

मुठाकाठ:
तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. होस्टचा (व्हीएमएम चालतो त्या मशीनचा) व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस त्या प्रोसेसपुरताच खरा असतो. तो सॉकेटवरून पाठवायचाच नाही.

ईआयओ बरोबर आहे. ज्या प्रोसेसने व्हीएम बनवली तिच्या मेमरी-नकाशाशी केव्हीएम ती व्हीएम बांधून ठेवतो; दुसऱ्या प्रोसेसकडून आयओक्टल आला की ईआयओ. त्यामुळे नव्या प्रोसेसमध्ये व्हीएम आणि व्हीसीपीयू (गेस्टचे आभासी प्रोसेसर) नव्याने बनवणं हाच मार्ग. रजिस्टर, एमएसआर (प्रोसेसरची खास रजिस्टर), एलएपिक (इंटरप्ट कंट्रोलर), घड्याळ हे सगळं जुन्यातून वाचून नव्यात भरायचं. इव्हेंटएफडी (सूचना देणारे डिस्क्रिप्टर) पाठवता येतात, पण आयआरक्यूएफडी (गेस्टला इंटरप्ट देणारे) आणि आयओइव्हेंटएफडी (गेस्टकडून सूचना आणणारे) यांच्या नोंदी नव्या व्हीएमवर पुन्हा कराव्या लागतात.

सेगफॉल्टचा दोष मॅप-फिक्स्डचा. त्या जागी आधी काही मॅप असेल तर तो ते न विचारता पुसून टाकतो. एएसएलआरमुळे (दर वेळी मेमरीची मांडणी बदलणारी सुरक्षा-सोय) तिथे कधी काहीच नसतं, कधी लिबसी किंवा एखाद्या थ्रेडचा स्टॅक असतो. जीडीबी डीफॉल्टने एएसएलआर बंद ठेवतं, म्हणून तिथे चूक दिसत नाही. तपासताना डिसेबल-रँडमायझेशन ऑफ करा. मॅप-फिक्स्ड-नोरिप्लेस (लिनक्स ४.१७ पासून) वापरलात तर निदान ईएक्झिस्ट येऊन चूक कळेल, पण तो उपाय नव्हे. जुना अ‍ॅड्रेस मिळालाच तरी स्ट्रक्चर्समधले कॉलबॅकचे पॉइंटर आणि हीपचे पॉइंटर चुकीचेच राहणार. नव्या बायनरीत फंक्शनही वेगळ्या जागी असतात.

पाठवायचं ते असं: ब्लॉकचं नाव, मेमएफडी, फाइलमधला ऑफसेट, लांबी, गेस्ट फिजिकल अ‍ॅड्रेस. नवी प्रोसेस एममॅपला जो अ‍ॅड्रेस मिळेल तो घेते आणि मेमरी स्लॉट (गेस्टचा कुठला भाग होस्टवर कुठे आहे ही केव्हीएमची नोंद) त्यावरून भरते. समजा तुमचा पीसीआय होल (डिव्हाइससाठी रॅमविना सोडलेली जागा) ३ ते ४ जीबी असेल, तर दोन स्लॉट होतील: गेस्टचे ० ते ३ जीबी म्हणजे फाइलचे ० ते ३, आणि गेस्टचे ४ ते ९ जीबी म्हणजे फाइलचे ३ ते ८.

इथे एक सापळा आहे. होस्टवर हे दोन्ही तुकडे सलग असतात, गेस्टसाठी नसतात. ३ जीबीच्या २ केबी आधी सुरू होणारा ४ केबीचा बफर आला आणि तुम्ही फक्त सुरुवात तपासली, तर उरलेले २ केबी ४ जीबीवरच्या पानात लिहिले जातील. क्रॅश नाही, काही नाही, गेस्टचा डेटा मात्र खराब. म्हणून गेस्ट-ते-होस्ट भाषांतराचं फंक्शन एकच ठेवा आणि त्याला लांबी सक्तीने द्या. तपासणीही «ऑफसेट + लांबी» अशी बेरीज करून नको, ६४ बिटांत ती उलटून शून्याकडे येऊ शकते. आधी ऑफसेट आकारापेक्षा लहान आहे ना ते बघा, मग लांबी ही «आकार वजा ऑफसेट» याच्या आत आहे ना ते.

पाषाण_टेकडी:
व्हीहोस्टबद्दल. तोही सेट-ओनर करणाऱ्या प्रोसेसच्या मेमरी-नकाशाला चिकटतो, म्हणून ईबीझी. टॅपचा (होस्टवरच्या आभासी नेटवर्क कार्डाचा) डिस्क्रिप्टर पाठवा, व्हीहोस्ट-नेट नव्या प्रोसेसमध्ये नव्याने उघडा. जुन्या बाजूला आधी प्रत्येक क्यूचा बॅकएंड −१ करा (म्हणजे टॅप सोडवा), मगच गेट-व्हीरिंग-बेस (व्हीरिंगमध्ये, म्हणजे पॅकेटच्या रांगेत, कुठवर आलो तो इंडेक्स) वाचा. क्रम उलटा झाला तर वाचलेला इंडेक्स शिळा निघतो आणि काही पॅकेट दोनदा हाताळली जातात. नव्या बाजूला सेट-ओनर, फीचर्स, मेम-टेबल, व्हीरिंगचा आकार, बेस, अ‍ॅड्रेस, किक आणि कॉल, शेवटी बॅकएंड. व्हीरिंग-अ‍ॅड्रेसमध्ये होस्टचे अ‍ॅड्रेस जातात, तेव्हा ते गेस्टने दिलेल्या फिजिकल अ‍ॅड्रेसवरून पुन्हा काढा.

व्हीएफआयओने (खरं हार्डवेअर गेस्टला देण्याची सोय) एखादं कार्ड थेट दिलं असेल तर लिनक्स ५.१२ पासून डीएमए (कार्डाने स्वतःच मेमरी वाचणं-लिहिणं) अनमॅप आणि मॅप दोन्हीला व्हीअ‍ॅड्रेसचा फ्लॅग आहे. पानं पिन राहतात, डीएमए चालू राहतो, फक्त मागचा होस्ट अ‍ॅड्रेस बदलतो. आयओव्हीए (कार्ड वापरतं तो अ‍ॅड्रेस) आणि आकार तेच द्यावे लागतात. क्यूएमयू या प्रसिद्ध व्हीएमएममधला सीपीआर-ट्रान्सफर (१०.० मध्ये आला, व्हीएफआयओसाठी १०.१ पासून) याच वाटेने जातो. तो कोड जरूर वाचा.

कोथरूडकर:
खूप आभार. स्ट्रक्चर्स फील्डनुसार लिहायला घेतो. पण कोड जुना आहे, पॉइंटर कुठे दडलेत ते कसं शोधू? शिवाय हलवल्यावर गेस्ट थोडा मंदावतो, तो याचाच भाग का?

मुठाकाठ:
शोधायला युक्ती आहे. टेस्ट बिल्डमध्ये रॅमचा जुना अ‍ॅड्रेस मुद्दाम पाठवा. नवी प्रोसेस सुरू होताच तेवढी ८ जीबीची जागा प्रॉट-नन (वाचणं-लिहिणं बंद) आणि मॅप-फिक्स्ड-नोरिप्लेसने अडवा, मग रॅम दुसरीकडे मॅप करा. रॅममध्ये बोट दाखवणारा शिळा पॉइंटर कुणी वापरला की तिथल्या तिथे सेगफॉल्ट, आणि बॅकट्रेसमध्ये फील्डचं नाव. ईएक्झिस्ट आला तर प्रोसेस पुन्हा सुरू करा. हीपचे पॉइंटर यात सापडणार नाहीत, ते स्ट्रक्चर वाचूनच काढावे लागतील.

मंदपणा बहुतेक अलाइनमेंटचा. गेस्ट फिजिकल आणि होस्ट अ‍ॅड्रेस यांचे खालचे २१ बिट सारखे नसतील तर केव्हीएमला २ एमबीची पानं लावता येत नाहीत, सगळं ४ केबीवर येतं. रॅमच्या आकारापेक्षा २ एमबी जास्त जागा प्रॉट-ननने राखून घ्या, त्यातला २ एमबीच्या पटीतला पहिला अ‍ॅड्रेस निवडा आणि तिथे मेमएफडी मॅप-फिक्स्डने बसवा. जागा स्वतःचीच राखलेली असल्याने इथे मॅप-फिक्स्ड सुरक्षित आहे. मेमएफडी ह्यूजटीएलबीची (आधीच मोठ्या पानांची) असेल तर हे लागत नाही.

पाषाण_टेकडी:
आणि मेमएफडीवर श्रिंक आणि ग्रोचे सील (आकार घटवणं-वाढवणं रोखणारी कुलपं) लावा. कुणी फाइल लहान केली तर दोन्ही प्रोसेसना सिगबस येईल. ताबा देण्याचा क्षणही एकच हवा: नव्या प्रोसेसने सगळं उभारून पोच पाठवेपर्यंत जुनीचे व्हीसीपीयू थांबलेले, पण परत सुरू करता येण्याजोगे. पोच आली की जुनीने रॅम अनमॅप करून मगच नवीला «चालू कर» सांगायचं. ते सांगितल्यानंतर काहीही बिघडलं तरी जुनीने गेस्ट पुन्हा सुरू करायचा नाही, नाहीतर एकाच रॅमवर दोन गेस्ट लिहू लागतील.