मंत्र्याला जाब विचारायचा तर नेमका कुठे आणि कसा? (गोवा)

सत्तरीकर

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण वाचा. आमचा गाव सत्तरी तालुक्यात. एप्रिलमध्ये आमच्या वाड्यावरचा रस्ता हॉटमिक्स झाला, मंत्री स्वतः आले, नारळ फोडला, सरपंच पंच सगळे हजर, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मे संपायच्या आत दुसऱ्या खात्यानं पाईपलाईनसाठी तोच नवाकोरा रस्ता कडेनं फोडत नेला. पाईप टाकला, वर माती लोटली आणि गेले. आता पावसात त्या चरात स्कूटर रुतते, शाळेची बस वरच्या वळणावरच थांबते आणि पोरं तिथून चिखलातून चालत येतात. चवथ तोंडावर आलीय, गणपती घरी आणायचा कसा हा प्रश्न वाड्यावरच्या सगळ्यांना पडलाय. बरं, ज्या पाण्यासाठी एवढं फोडलं ते तरी येतं का, तर एक दिवसाआड, तेही पहाटे, आणि वरच्या घरांना बादली भरेल एवढाही जोर नाही.

जेईकडे (कनिष्ठ अभियंत्याकडे) गेलो तर तो म्हणतो रस्ता पूर्ववत करणं आमच्या कामात नाही. ठेकेदार फोन उचलत नाही. आमदारांच्या ऑफिसात सांगतात खात्याला लिहा, खात्यात सांगतात मंत्र्यांना भेटा, मंत्र्यांना भेटलो तर खांद्यावर हात ठेवून "करून टाकू" म्हणाले. त्याला आता बरेच दिवस झाले.

तिथं एक फलक आहे. त्यावर मंत्र्यांचं नाव, आमदारांचं, सरपंचाचं, सगळ्या पंचांचं. किती पैसे गेले, ठेकेदार कोण, रस्ता खराब झाला तर किती वर्षं त्यानं दुरुस्त करून द्यायचा, यातलं एक अक्षर नाही. माझा प्रश्न एवढाच, की श्रेय घेताना ज्याचं नाव सगळ्यात वर असतं त्याला काम फसल्यावर उत्तर द्यायला लावायची कायद्यात काही सोय आहे का? की जेईवर ओरडून घरी यायचं?

म्हापसेकर७०

सोय एकच, मत. २०२७ ला निवडणूक आहे. लक्षात ठेवा आणि घरी बसवा. बाकी अर्ज फिर्ज करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

अबोली

@म्हापसेकर७० मत द्यायलाच हवं, त्यात वाद नाही, पण फक्त तेवढ्यावर भागत असतं तर आपण आज इथं हे बोलत नसतो. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एका दमात भाजपात गेले. २०२२ ला त्या पक्षाचे ११ निवडून आले, सप्टेंबरमध्ये त्यातले ८ गेले आणि ४० जणांच्या सभागृहात विरोधात ७ उरले. पक्ष कुठला हा माझा मुद्दाच नाही, उद्या उलटंही होईल. पण ज्याला मत दिलं तो सहा महिन्यांत दुसऱ्या बाजूला बसणार असेल तर पाच वर्षांतून एकदा बटण दाबून मधल्या काळातल्या रस्त्याचा आणि पाण्याचा हिशेब कसा लागणार? मधल्या काळात काय करायचं हेच सत्तरीकर विचारतायत.

पर्वरीचा वाचक

सत्तरीकरबाब, सोय आहे, पण ती कुठे आहे ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक चुकीच्या दारात उभे राहतात. घटनेच्या कलम १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार असतं. म्हणजे मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं अशी जागा एकच, पर्वरीचं सभागृह. उद्घाटनाला, घरी, लग्नात तो जे बोलतो त्याची नोंद कुठेही नसते. तुम्हाला "करून टाकू" म्हणाले ना, तेच सभागृहात म्हणाले असते तर ते आश्वासन झालं असतं, आणि सभागृहातल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला आमदारांची आश्वासन समिती असते. तेच शब्द, पण तिथे बोलले की कागदावर येतात.

मग तुमचा प्रश्न तिथे पोचवायचा कसा? आमदाराकडून, आणि तो तुमच्याच मतदारसंघाचा असायला हवा असं अजिबात नाही. तुमचा आमदार सत्तेत असेल तर तो आपल्याच सरकारला अडचणीत आणणार नाही, म्हणून दुसऱ्या कुठल्याही आमदाराला प्रश्न द्या. तारांकित असेल तर मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला लेखी उत्तर मिळतं. पेपरात फक्त आरडाओरड छापून येते, खरी माहिती असते ती एलएक्यूच्या, म्हणजे विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाच्या, उत्तराला जोडलेल्या परिशिष्टात, कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, तारखा सगळं. मी ती नियमित वाचतो. लोकांनी वाचायला सुरुवात केली तर फार फरक पडेल असं माझं ठाम मत आहे.

पण आमदाराला "आमचा रस्ता खराब आहे" असं सांगून उपयोग नाही, त्यावर मंत्री "दुरुस्ती प्रगतिपथावर आहे" म्हणून बसतो. आधी आरटीआय, म्हणजे माहिती हक्काचा अर्ज, टाका. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. चुकीच्या खात्यात अर्ज गेला तरी त्यांनी तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा असतो, परत करायचा नसतो. मागायचं काय ते नीट लिहा. रस्त्याचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर, मेझरमेंट बुकाची (झालेल्या कामाच्या मोजमापाच्या नोंदवहीची) पानं, दिलेली बिलं, दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, किती तो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रस्ता फोडायची परवानगी. एका खात्याचा रस्ता दुसऱ्यानं फोडायचा तर परवानगी लागते आणि रस्ता पूर्ववत करायचा खर्च कुणी करायचा ते त्यात ठरतं. तो खर्च भरला का, भरला असेल तर कुठे गेला, आणि परवानगीच घेतली नसेल तर फोडू दिलं कुणी? या तीन प्रश्नांना "प्रगतिपथावर" हे उत्तर चालत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आरटीआय म्हणजे फक्त कागद नव्हेत, कायद्याच्या कलम २(जे) मध्ये चालू कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्कही आहे. उत्तर नाही आलं तर त्याच खात्यात पहिलं अपील, तिथेही नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो. गोव्यानं केंद्राच्या आधी, १९९७ मध्येच स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता, त्यामुळे हे आपल्याला नवीन नाही.

फोंड्याचा सिव्हिलवाला

मी या धंद्यात आहे म्हणून थोडं वेगळं सांगतो. डांबर किती जाड, खडी कुठली, हे मंत्र्याला विचारू नका, ते इंजिनिअरचं काम आहे आणि मंत्री लगेच दोन इंजिनिअरना नोटिसा देऊन मोकळा होतो, आपल्याला वाटतं कारवाई झाली. मंत्र्याला विचारायचं ते ठरवण्याबद्दल. ज्या वर्षी पाईपलाईन मंजूर होती त्याच वर्षी त्याच रस्त्यावर हॉटमिक्सला मंजुरी कुणी दिली? दोन्ही फायली सरकारातच होत्या. आधी पाईप मग डांबर एवढं ठरवायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, दोन खात्यांनी एकत्र बसावं लागतं, आणि ते बसवायचं काम मंत्र्याचं. पैसे मार्चअखेर संपवायचे म्हणून घाईघाईत काम काढलेलं असतं हे मी कितीतरी वेळा डोळ्यांनी पाहिलंय, पावसाळा जवळ आला की वर्क ऑर्डर हातात पडते. ओल्या पृष्ठभागावर मारलेलं डांबर टिकत नाही, हे ठेकेदाराला, जेईला, सगळ्यांना माहीत असतं, तरी मारलं जातं. तेव्हा तारखा मागा. मंजुरीची तारीख, वर्क ऑर्डरची तारीख, काम सुरू झाल्याची तारीख, दोन्ही कामांच्या. शेजारी शेजारी ठेवा, बाकी सांगायची गरज पडणार नाही.

केप्यातली ताई

सगळं बरोबर आहे हो, पण प्रश्न विचारणारा माणूस आणायचा कुठून? आपल्या एका मतदारसंघात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार, मंत्र्याला प्रत्येक घर ठाऊक. कुणाचा मुलगा नोकरीच्या रांगेत, कुणाच्या सुनेची बदली अडलेली, कुणाचा गृह आधारचा, म्हणजे गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचा, हप्ता थकलेला. सकाळी मंत्र्याच्या दारात जी गर्दी असते ती बघा, तीच माणसं रविवारी ग्रामसभेत असतात आणि तिथं मान वर करत नाहीत. २०२४ ला सरकारी नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, किती घरांनी दागिने मोडून पैसे दिले असतील विचार करा. ज्या घरानं पैसे देऊन वर अजून आशा धरलीय ते घर रस्त्याबद्दल बोलेल का?

गृह आधारचे महिन्याचे १५०० रुपये हा पात्र बाईचा हक्क आहे, कुणाच्या खिशातले नाहीत, हे आम्ही आमच्या वाड्यावर घरोघरी जाऊन सांगतो. मग कुठे चार बायका एकत्र ग्रामसभेला येतात. एकटीनं बोललं की घरी फोन येतो, पंधरा जणी बसल्या की कुणाकुणाला फोन करणार? आणि बोलायचं ते ठराव म्हणून लिहून घ्यायला लावायचं, सचिवानं इतिवृत्तात घेतलं का ते पुढच्या ग्रामसभेत आधी वाचून घ्यायचं. तोंडी चर्चा झाली की ती तिथेच विरते.

पाण्याचं पण असंच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोवा देशातलं पहिलं हर घर जल प्रमाणित राज्य झालं, घरोघरी नळ आहे हे कागदावर खरंच आहे. पण त्याच योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. तेव्हा "नळ आहे का" हा प्रश्न सोडा, "आमच्या वाड्याला रोज किती लिटर सोडता, वरच्या घरांना किती पोचतं" हे विचारा. आम्ही घरागणिक वेळ आणि बादल्या वहीत लिहायला लागलो तेव्हा कुठे खात्याचा माणूस व्हॉल्व्ह बघायला आला.

निवृत्त लेखा

थोडं कडू सांगतो. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल विधानसभेत ठेवला जातो, मग तो आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो, समिती खात्याच्या सचिवांना बोलावून विचारते. व्यवस्था चांगली आहे, पण अहवाल मांडल्यावर दोन दिवस बातम्या येतात आणि नंतर कुणी विचारत नाही. लोकायुक्ताचंही तसंच. २०११ चा कायदा आहे, पण लोकायुक्त न्या. प्रफुल्ल कुमार मिश्रा २०२० ला निवृत्त झाले तेव्हा त्यांनी लोकसेवकांविरुद्ध दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारनं कारवाई केली नव्हती, आणि हे त्यांनी स्वतः उघडपणे बोलून दाखवलं. शिफारस स्वीकारायची की नाही हे जर ज्यांच्याविरुद्ध अहवाल आहे त्यांच्याच सरकारनं ठरवायचं असेल तर दुसरं काय होणार. म्हणून लोकायुक्ताकडे तक्रार करून वाट बघत बसू नका असंच मी सांगेन. मोठा विषय असेल तर हायकोर्ट. पणजी स्मार्ट सिटीच्या धुळीवरची याचिका आली तेव्हा २०२४ मध्ये न्यायमूर्ती स्वतः रस्त्यावर उतरून कामं बघून गेले होते.

नाटकवेडा

पणजीच्या कला अकादमीचं, आपल्या सरकारी नाट्यगृहाचं, उदाहरण विसरू नका. दुरुस्तीचं काम टेंडर न काढता नामनिर्देशनानं दिलं, त्यावर सभागृहात विचारलं तर तेव्हाचे मंत्री गोविंद गावडे यांनी ताजमहालाचा दाखला दिला, की शहाजहाननं कुठे कोटेशन मागवलं होतं. २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं, नशीब रात्रीची वेळ होती. नोव्हेंबरात अकादमी पुन्हा उघडली आणि मग कलाकारांच्या लक्षात आलं की आवाज नीट नाही, लाईट नीट नाहीत, गळती आहे. आमच्यातल्या लोकांनी कला राखण मांड या नावाखाली विषय लावून धरला. पैसे कुणी खाल्ले याच्या चर्चेत न अडकता रंगमंचावर काय चालत नाही हे एकेक करून सांगत राहिले, कारण ते त्यांना कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. शेवटी सरकारला विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स नेमावा लागला. अजून सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण तियात्रवाले (कोकणी नाटकवाले) आणि मराठी नाटकवाले एकत्र उभे राहिले म्हणून निदान तिथवर आलं, एरवी फीत कापली की विषय संपला असता.

सत्तरीकर

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही खात्यांना वेगवेगळा आरटीआय टाकतो, सिव्हिलवाल्यांनी सांगितलेल्या तारखा आणि फोडायची परवानगी दोन्ही मागतो. ताई, तुमचं वहीचं वाड्यावर सांगितलं, खालच्या आळीतल्या दोन घरांनी आजपासून लिहायला घेतलंय. एक विचारायचं राहिलं, प्रश्न आमदाराला अधिवेशनाच्या किती आधी द्यावा लागतो?

पर्वरीचा वाचक

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच द्या, कारण सूचना बरेच दिवस आधी सचिवालयात जावी लागते आणि तारांकित प्रश्नांची चिठ्ठी काढतात, सगळेच लागत नाहीत. म्हणून एकाच आमदारावर अवलंबून राहू नका, दोघांना द्या, एकाकडे तारांकित आणि दुसऱ्याकडे अतारांकित, म्हणजे लेखी उत्तर तरी हातात येईल. सोबत आरटीआयच्या उत्तराची झेरॉक्स जोडा. आणि ग्रामसभेचा ठराव झाला तर त्याचीही प्रत, गावाच्या सहीशिक्क्यासकट.