सोसायटी ग्रुप : सभा ‘पुढे’ ढकलली की ‘मागे’?

ए-१०४ : नमस्कार. या रविवारची सभा पुढच्या रविवारी होणार असल्याचे भाडेकरूंना कळावे म्हणून मी इंग्रजी सूचनेत ‘पुश्ड फॉरवर्ड’ असे लिहिले, तर दोघांनी मला सभा आधीच घेणार का, असे विचारले. माझे काय चुकले, हे सी-४०२ मधील काकूंनी कृपया सांगावे.

सी-४०२ : आपण मराठीत विचार करून शब्दाला शब्द ठेवलात, एवढेच झाले. आपण सभा पुढे ढकलतो. इंग्रजीत मात्र तारीख लांबणीवर टाकायची असेल तर ‘पुश बॅक’, म्हणजे अक्षरशः मागे ढकलणे, असे म्हणतात. उलट ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे ठरल्या दिवसाच्या आधी घेणे, आणि त्यामुळेच ‘पुश्ड फॉरवर्ड’ वाचणाऱ्यांपैकी काहींना सभा लवकर आहे असे वाटते, तर काहींना उशिरा. शंका नकोच असेल तर सरळ ‘पोस्टपोन्ड’ लिहावे.

बी-२०१ : काकू, आमचा सहावीतला मुलगा ‘पुश टू द कार’ असे लिहितो. हे चूक आहे का?

सी-४०२ : होय, आणि त्याचे मूळही आपल्याच भाषेत आहे. आपण गाडीला धक्का देतो, म्हणून त्या ‘ला’साठी तो ‘टू’ घालतो. इंग्रजीत ‘पुश द कार’ एवढेच पुरते. ‘पुश अगेन्स्ट द डोअर’ असेही म्हणतात, पण त्यात जोर लावल्याचे कळते, दार हललेच असे नाही. दार ढकलून उघडले, हे सांगताना आपण आधी कृती सांगतो आणि मग परिणाम. इंग्रजीत मात्र ‘पुश द डोअर ओपन’ म्हणताना परिणाम दाखवणारा शब्द ‘डोअर’ या शब्दानंतर येतो. ही रचना त्याच्याकडून घटवून घ्या, कारण ‘पुश द ड्रॉवर शट’सारखी कितीतरी वाक्ये त्याच साच्यात बसतात. शिवाय भूतकाळी रूप ‘पुश्ट’ असे एका दमात उच्चारावे, ‘पुशेड’ असे नव्हे.

ए-१०४ : लिफ्टचे बटण दाबायचे असेल तर?

सी-४०२ : ‘प्रेस’ आणि ‘पुश’ दोन्ही चालतात. मात्र आपण ‘दिवस ढकलतो’ तेव्हा ‘पुश’ वापरू नये. याउलट ‘ही इज पुशिंग सिक्स्टी’ याचा अर्थ तो साठीला टेकला, असा होतो. मराठी माणूस साठीकडे झुकतो, इंग्रज तिला ढकलत नेतो, याची मला नेहमी गंमत वाटते.

बी-२०१ : आभारी आहे. आज संध्याकाळी त्याच्याकडून दहा वाक्ये लिहून घेते.

ए-१०४ : सुधारित सूचना : ‘द मीटिंग हॅज बीन पुश्ड बॅक टू नेक्स्ट संडे.’ आता बरोबर आहे का?

सी-४०२ : बरोबर आहे, फक्त तारीखही घाला, कारण ‘नेक्स्ट संडे’वरूनही घोळ होतात.