सेझिनकोट हाऊस: भारतीय वास्तुकलेचं कौतुक की नुसता वरचा पोशाख?

वेताळटेकडी: इंग्लंडमधे ग्लॉस्टरशायरला हे घर आहे, १८०५ च्या सुमाराला चार्ल्स कॉकरेलने बांधून घेतलं, कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी आणि सावकारी पेढी यावर गब्बर होऊन परतलेला माणूस, नकाशे भाऊ सॅम्युएलचे. लोक मोगल शैली म्हणून वाहवा करतात, मला नाही पटत. बाहेर तांब्याचा घुमट, छज्जे, छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट), आणि दारातून आत गेलं की सगळा ग्रीक थाट. भारत फक्त दर्शनी भिंतीपुरता!!

मेघमल्हार: असहमत. चित्रकार थॉमस डॅनियलचं नाव का गाळलंत? पुतण्या विल्यमला घेऊन हा १७८६ पासून कित्येक वर्षं भारतभर फिरला, देवळं मशिदी लेणी जागेवर बसून रेखाटली, आणि सेझिनकोटची बाग त्याच्या सल्ल्याने झाली. तिथल्या पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांच्या धर्तीवर केलेत, वर नंदी आहेत, सूर्याचं देऊळ आहे. नुसती हौस असती तर एक घुमट चढवून मोकळे झाले असते.

वेताळटेकडी: तेच तर, लेण्यांचे खांब पुलाला आणि घरावर मोगल घुमट, कशाचा कशाला मेळ नाही.

मेघमल्हार: मग फत्तेपूर सिक्रीचं काय? अकबराने तिथे हिंदू-जैन पद्धतीचे खांब-तुळया, छत्र्या सगळं एकत्र आणलं, त्याला आपण डोक्यावर घेतोच की.

पाथरवट: फत्तेपूरला दगड घडवणारे हात इथलेच होते हो. सॅम्युएल तर कधी भारतात आलाच नाही, त्याने चित्रांवरून काम केलं. घर देखणं आहे हे मान्य, त्या पिवळसर दगडावर छज्जाची सावली काय पडते! पण पैसा कुठून आला ते कुणी बोलत नाही.

मेघमल्हार: पैसा मोजायला बसलात तर आपला कुठला राजवाडा सुटेल? परिणामही बघा ना, १८०७ मधे युवराज जॉर्ज हे घर बघून गेला आणि पुढे १८१५ पासून वास्तुविशारद जॉन नॅशने त्याच्या ब्रायटनच्या महालाला भारतीय घाट दिला.

पाथरवट: राजवाड्यांचा पैसा निदान त्याच मुलखात खर्च व्हायचा, बंगालचा पैसा जहाजाने गेला तो गेलाच. आज घर ग्रेड वन यादीत, म्हणजे तिथल्या संरक्षित वारसा-इमारतींच्या सर्वात वरच्या वर्गात आहे, परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत, ते योग्यच. पण घुमटाचं वर्णन करताना पेढीचंही सांगा, तेवढंच.

मेघमल्हार: ते सांगावंच, त्याला विरोध नाही. पण "दर्शनी भिंतीपुरता" हे अजूनही मान्य नाही. घारापुरीचे खांब आणि त्या पुलाचे खांब, दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून बघा आणि मग बोला.