जलरंग : मुलांना आधी बिघडवू द्यायचं की आधी हात बसवायचा?

रंगपाणी

जलरंगातलं धाडस आपण मुलाच्या स्वभावावर सोडून देतो. एखादा धीट, एखादी भित्री, आणि विषय संपला. माझं मत असं की धाडस शिकवता येतं. वॉश (पाणीदार रंगाचा पसरट थर) जितक्या शिस्तीत शिकवतो तितक्याच शिस्तीत ते पहिल्या महिन्यापासून शिकवायला हवं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षांची तयारी बहुतेक ठिकाणी कशी होते ते बघा. स्मरणचित्राची (दिलेला प्रसंग आठवून काढायच्या चित्राची) रचना पाठ करून घेतात: पुढे तीन माणसं, डावीकडे झाड, मागे घरांची रांग. विषय बाजार असो की बसथांबा, सांगाडा तोच. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या चित्रात, वर्तुळाचे आठ भाग आणि तीच पानं-फुलं. अशा तयारीतून आलेला मुलगा दोन नंबरचा बारीक ब्रश धरतो, पेन्सिलची प्रत्येक रेघ जपून भरतो आणि कागदावर पाणी सोडायला कचरतो. चित्र स्वच्छ होतं, पण त्यात त्याचा एकही निर्णय नसतो.

वर्गात लगेच करता येईल असा सराव सुचवतो. पाव शीट कागद (११ × १५ इंच), ३०० जीएसएम (म्हणजे जाड). मास्किंग टेपने चार चौकटी पाडायच्या. समोर एकच मांडणी: तांब्या, दोन लिंबं, चुणीदार फडकं. तीच चार वेळा रंगवायची, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, खोडरबर बंद.

पहिली चौकट एकाच रंगात, फक्त तीन टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या: कोरा कागद, मधला, गडद. दुसरी एक इंची फ्लॅट (चपट्या) ब्रशने, दुसरा ब्रश हातात घ्यायचाच नाही. तिसरीत सगळी चौकट भिजवायची आणि कागदाची चकाकी जायच्या आत मोठे आकार टाकून मोकळं व्हायचं. चौथीत टोन खरे, रंग मनाचे. लिंबू जांभळं झालं तरी चालेल, मात्र उजेडाची बाजू उजळच हवी.

प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट अनोळखी आहे, यावर सगळा सराव उभा आहे. ब्रश, रंग, ओल, वेळ हे सगळं एकदम बदललं तर चित्र कशामुळे फसलं ते मुलाला कळत नाही, आणि कारण न कळलेल्या फसण्यातूनच भीती बसते. शेवटी कागदामागे एक ओळ लिहून घ्यायची: यात मी काय करून बघितलं? शिक्षकाने बोलायचं ते त्या ओळीवर.

जुनीपेन्सिल

पाठ केलेल्या रचनांबद्दल पूर्ण सहमत. क्रमाबद्दल असहमत.

तुमची तिसरी चौकट घेऊ. भिजवलेल्या कागदाच्या चार अवस्था असतात. पाणी चकाकतं तेव्हा रंग हवा तिकडे पळतो. चकाकी मावळून साटिनसारखी झाक उरते तेव्हा तो पसरतो, पण आकार धरून. कागद दिसायला कोरडा असतो पण हाताच्या पाठीला गार लागतो, ती तिसरी अवस्था, आणि सगळ्यात घात करणारी. चौथी, पूर्ण कोरडा. तिसऱ्या अवस्थेत कागदापेक्षा ओला ब्रश टेकवला की जादा पाणी कमी ओल्या भागाकडे सरकतं, वाटेतला रंग ढकलत नेतं आणि कडेला साचवतं. तोच तो फुलकोबीसारखा डाग. ज्या मुलाला ‘ब्रश नेहमी कागदापेक्षा कमी ओला’ हा नियम माहीत नाही, त्याच्या हातून त्या चौकटीत जे होईल ते नशिबाने होईल. नशिबाने साधलेलं चित्र त्याला पुन्हा करता येत नाही, आणि मग तो आणखी घाबरतो.

म्हणून माझा क्रम असा. आधी सपाट वॉश: बोर्डाला साधारण पंधरा अंशांचा उतार, तीन-चार चमचे रंग आधीच कालवून तयार, कडेला जमलेला पाण्याचा ओघळ ओळीओळीने खाली आणायचा, मागे वळून हात फिरवायचा नाही. अर्ध्यात रंग कालवायला थांबलात तर काठ वाळून पट्टा उमटणारच. मग उतरता वॉश, गडदाकडून फिक्याकडे जाणारा. मग कोरड्यावर दुसरा थर. मग रंगांचे स्वभाव: प्रशियन ब्लू आणि क्रिमसन कागदात मुरतात, नंतर पुसून उजेड काढता येत नाही, अल्ट्रामरीन निळा मात्र पुसला की बऱ्यापैकी निघतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीतून सुरेख करडा निघतो. त्यात तिसरा-चौथा रंग घालून घोटत बसलं की चिखल. एवढं हातात आलं की धाडसाला बोलावावं लागत नाही.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं समईवालीचं चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातलं आहे. ज्योतीचा उजेड बोटांमधून झिरपतोय आणि भोवती सगळा काळोख. एवढा काळोख इतक्या जवळ आणायची हिंमत होते, कारण पाणी किती आणि कधी हे हाताला पक्कं ठाऊक असतं.

कोकणओल

दोघांच्याही वादात कागद राहिला, आणि मुलांचं धाडस बहुतेक वेळा तिथेच मोडतं.

शाळेच्या चित्रकला वहीचा पातळ कागद भिजला की फुगतो. फुगवट्याच्या खळग्यात रंग साचतो, आणि मूल समजतं आपण चुकलो. लाकडी लगद्याच्या कागदावर रंग वरवर बसतो, त्यामुळे दुसरा हात फिरवला की पहिला थर सुटून येतो. सुती कागदात तो धरून राहतो. तोच मुलगा, तोच ब्रश, निकाल वेगळा.

दुसरी गोष्ट फार कमी शिक्षक तपासतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते आणि त्यावरचं सायझिंग, म्हणजे पाणी वरच्यावर थोपवून धरणारा लेप, जागोजागी जातं. कोरडा कागद निर्दोष दिसतो. वॉश टाकला की गडद ठिपके उमटतात, आणि ते काही केल्या निघत नाहीत. नवीन गठ्ठा उघडला की एका कोपऱ्यावर स्वच्छ पाणी फिरवून उजेडात तिरका धरून बघा. कुठे लगेच शोषलं गेलं, तर तो कागद पेस्टल-पेन्सिलला द्या. चांगला कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीपासून दूर आडवा ठेवायचा.

खर्चाचं म्हणाल, तर एका पूर्ण शीटचे (२२ × ३० इंच) साडेपाच बाय साडेसातचे सोळा तुकडे होतात. मागची बाजू वापरली तर बत्तीस. सोळा तुकड्यांमधला एक बिघडणं आणि एकुलता एक कागद बिघडणं यात मुलाच्या मनाला फार मोठा फरक पडतो. हिंमत हवी असेल तर आधी तुकडे करा.

रंगपाणी

कोकणओल, तुकड्यांचा मुद्दा सराव ठरवताना धरूनच चालायला हवा.

जुनीपेन्सिल, चार अवस्था तुम्ही नेमक्या सांगितल्यात. पण त्या ऐकून शिकता येतात का? तिसरी अवस्था ओळखायची तर ती ओलांडावी लागते. म्हणून बिघडवण्याचाच पाठ घ्या. एक पट्टी भिजवायची. लगेच एक ठिपका, मग दर मिनिटाला त्याच ओलाव्याच्या ब्रशने पुढचा, पट्टी वाळेपर्यंत. प्रत्येकाखाली मिनिट लिहायचं. कुठल्या मिनिटाला फुलकोबी आली ते मूल स्वतः वाचतं. नागपूरच्या मे महिन्यात ती फार लवकर येते, रत्नागिरीच्या जुलैत खूप उशिरा. हे पुस्तकात सापडत नाही. तुम्ही ज्याला अपघात म्हणता त्याची अशी मोजपट्टी होते.

आणि गुणांचं काय? मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांचा १९८२चा प्रयोग आहे. सात ते अकरा वर्षांच्या मुलींनी कागदाची कोलाज केली. एका गटाला सांगितलं होतं की उत्तम कोलाजना बक्षिसं आहेत. चित्रकारांनी तपासली तेव्हा स्पर्धेतल्या मुलींची कोलाज कमी सर्जनशील ठरली. आपण प्रत्येक कागदावर शेरा आणि गुण टाकतो, तेव्हा हेच करतो.

जुनीपेन्सिल

पट्टीचा सराव उत्तम आहे. पण बघा, एक अवस्था वेगळी काढून मोजणं म्हणजे हात बसवणंच झालं. लिंबू जांभळं करायच्या आधी ही पट्टी यावी, एवढाच माझा आग्रह.

संशोधनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर यांच्या १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत वेगळ्या कल्पनेसाठीच बक्षीस आहे हे मुलांना स्पष्ट केलं, तेव्हा सर्जनशीलता वाढली. म्हणजे गुण कशाला देता यावर बरंच ठरतं. सराववहीत दहापैकी तीन गुण ‘नवीन काय करून बघितलं’ याला ठेवा, चित्र फसलेलं असलं तरी. सात मात्र टोन, रेखाटन आणि वॉशलाच.

मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाचं उदाहरण अशा वादात हमखास दिलं जातं, म्हणून आधीच सांगतो. १९४७चा हा गट बंडखोर खराच, पण त्यातले चित्रकार रझा आधी नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शिकले, शिल्पकार बाकरेही जे. जे.चेच. म्हणजे बंडाआधी शिक्षण होतंच.

चौथीची_आई

हे सगळं पटतं, पण दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडचे ७, बीचे ५ आणि सीचे ३ गुण मिळतात. पालक त्यासाठीच क्लास लावतात. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलीने प्रयोग करावा असं तुम्ही म्हणाल का सर?

रंगपाणी

ताई, हॉलमध्ये नवीन काही करू नये. तो दिवस माहीत असलेलं वापरायचा. पण स्मरणचित्राची रचना तिने स्वतः केलेली असावी. त्यासाठी महिनाभर रोज एक विषय, त्याचे दोन बाय तीन इंचांचे चार कच्चे आराखडे, पेन्सिलीने, पाच मिनिटांत. पहिला आराखडा बहुतेक पाठातलाच येतो, तो बाजूला ठेवायचा. दुसऱ्यात बघणाऱ्याची जागा बदलायची: बाजार गच्चीवरून बघ, किंवा टोपलीमागे बसलेल्या बाईच्या पाठीमागून. तिसऱ्यात सगळ्यात मोठा माणूस कागदाच्या कडेने कापायचा. चौथा तिच्या मनाचा. रंग फक्त निवडलेल्याला.

जुनीपेन्सिल

आराखड्यांचं मान्य, त्यात कागद जात नाही आणि ओलीचा प्रश्नही नाही. कडेने कापलेल्या माणसाबद्दल मात्र सावध. स्मरणचित्रात पूर्ण मानवाकृती रेखाटता येते की नाही हे परीक्षक बघतो. एक कापलेला असेल, तर निदान दोन आकृत्या डोक्यापासून पायापर्यंत दिसू देत, आणि पाय जमिनीवर टेकलेले, सावलीसकट. पाय गवतात लपवायची युक्ती परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.