जुन्या नाशिकमधल्या दूध बाजार आणि भद्रकाली या भागांची बदनामी कितपत खरी?

जुना नाशिककर :
भाचीच्या लग्नाचा बस्ता मेन रोडला बांधून झाल्यावर, गाडगे महाराज पुतळ्यापासून पुढे दूध बाजाराकडे जाऊ या, असे मी सुचवले. त्यावर गंगापूर रोडला राहणारे आमचे जावई म्हणाले, "तिकडे कशाला? तो भाग बरा नाही." हे वाक्य मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे, आणि ते बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण तिथे शेवटची खरेदी कधी केली, हे आठवत नाही. सराफ बाजारातले सोने, भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी, बोहोरपट्टीतली दुकाने आणि रमजानमध्ये दूध बाजारात मांडलेले खजूर, शेवया व अत्तर, हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. बोहरी, मारवाडी, बागवान, तांबट यांची गिऱ्हाइके पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळलेली आहेत; या शहराला मुघल काळात गुलशनाबाद म्हणत, हेही इथल्या अनेकांना ठाऊक आहे. बैलगाडीच्या काळातल्या गल्लीत आज रिक्षा, टेम्पो आणि हातगाड्या कोंबल्या आहेत, त्या कोंडीचा राग आपण तिथल्या माणसांवर काढतो, असे माझे मत आहे.

माहेर जुन्या नाशिकचे :
मी त्याच भागात वाढले, त्यामुळे आपले कौतुक मला गोड लागले, पण ते अपुरे आहे. सणाच्या गर्दीत माझ्या पर्समधून मोबाइल गेला, आणि तक्रार नोंदवताना "एवढ्या गर्दीत जाताच कशाला?" असे मलाच ऐकावे लागले. चोर कोणत्या जातीधर्माचा होता, हे मला माहीत नाही आणि त्याच्याशी मला देणेघेणेही नाही. दुकानांची शटर खाली आली की त्या बोळांत उजेड उरत नाही आणि टोळक्यांतून वाट काढत जावे लागते, एवढे मी जाणते. हे बोलून दाखवणारी बाई लगेच त्या भागाची बदनामी करणारी ठरते, याचा मला अधिक त्रास होतो.

दुकानदार :
कोंडी रस्त्याची आहे हे मान्य, पण ती आपोआप झालेली नाही. आम्ही कर भरतो आणि आमच्या पायरीसमोर हातगाडी उभी असते. सराफ बाजारात तर २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी शिरले. तेव्हा माल हलवायला टेम्पो आत आणायचा कुठून? आधी हातगाड्या हटवाव्यात.

जुना नाशिककर :
पाण्याचे दुखणे खरे आहे. परंतु २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत फेरीवाल्यांना हटवता येत नाही, आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात. त्यामुळे त्यांच्याशी बसून जागा आखून घेणे, एवढाच मार्ग उरतो. शिवाय पायरीसमोरची गाडी पुष्कळदा दुकानदाराच्याच संमतीने उभी असते, हेही आपण सारे जाणतो. त्यावर मात्र कोणी बोलत नाही. ताईंच्या अनुभवाला माझ्याकडे उत्तर नाही. दिवे आणि गस्त यांची मागणी मी पहिल्याच मजकुरात करायला हवी होती.

माहेर जुन्या नाशिकचे :
आपण मोकळेपणाने मान्य केलेत, हे बरे वाटले. एक विचारते. आपल्या हकिगतीत जावई बोलले आणि आपण बोललात. जिचे लग्न होते त्या भाचीला दूध बाजारात जायचे होते की नाही, ते कळले नाही.

जुना नाशिककर :
जायचे होते. चुडा तिने तिथूनच भरला, आणि जावई तोवर गाडीपाशी उभे राहिले.